सर्किट बिघडलं नव्हतं!

कॉलेजात प्रॅक्टिकलला ऑसिलोस्कोपवर वेडीवाकडी रेघ आली की आपण काय करायचो? वायरी हलवायच्या, ब्रेडबोर्डवर टपली मारायची आणि शेवटी मित्राची रीडिंग्ज उतरवायची. वेडंवाकडं म्हणजे चुकलेलं, हे डोक्यात पक्कं!

ऑक्टोबर १९८३. बर्कलेचे प्रा. लिऑन च्युआ टोकियोच्या वासेदा विद्यापीठात पाहुणे होते. तिथे ताकाशी मात्सुमोतोंच्या लॅबमध्ये लॉरेन्झची समीकरणं खऱ्या सर्किटमध्ये उतरवायची खटपट चालली होती. ऐन डेमोला सर्किटने दगा दिला. त्याच संध्याकाळी च्युआंनी वेगळाच विचार केला... केऑसच हवाय ना, मग कमीत कमी किती पार्ट लागतील? दोन कपॅसिटर, एक इंडक्टर, एक रेझिस्टर आणि एक नॉनलिनिअर रेझिस्टर. बस्स!

मात्सुमोतोंनी ते आधी कॉम्प्युटरवर चालवलं आणि केऑस दिसला. पण हा गोंधळ सर्किटचा की आकडेमोडीतल्या राउंडिंगचा? १९८५ पर्यंत खऱ्या सर्किटवरही तोच जोडभोवरा उमटला आणि शंका फिटली.

आज हे लॅपटॉपवर स्पाइसमध्ये करून बघता येतं. सुरुवातीचं व्होल्टेज एका मिलिव्होल्टने बदला आणि दोनदा चालवा. थोडा वेळ दोन्ही रेघा हातात हात घालून जातात, मग कायमची फारकत. जोडभोवऱ्याचा आकार मात्र दोन्हींचा तोच!

हे तेव्हा कोणी दाखवलं असतं तर रीडिंग्ज उतरवण्याआधी मी निदान एकदा नीट बघितलं असतं. बहुतेक वेळा वायरच सैल असायची म्हणा. पण एखाद्या वेळी नसेलही...