नांगर, अंगठा आणि चेहरा

विमानतळाच्या दारात प्रवाशाचा चेहरा ओळखणाऱ्या संगणकप्रणालीवर काम करण्यासाठी एखादा तरुण नव्या नोकरीत रुजू होतो, तेव्हा आपण अगदी नव्या विद्येत पाऊल टाकत आहोत, असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. तो नाशिकचा असेल, तर मात्र या विद्येचा पूर्वेतिहास त्याला घराजवळच सापडेल.

मराठी दप्तरांतील जुने कागद चाळणाऱ्यांना 'निशाणी नांगर' हे शब्द परिचित असतात. निरक्षर कुणब्याच्या सहीच्या जागी नांगराचे चित्र येई. माणसाची ओळख त्याच्या कामाने पटे. इंग्रजी अमलात ही साक्ष अवजाराकडून देहाकडे सरकली. १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारावर घेतला. १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचे कार्यालय निघाले. तेथील वर्गीकरणाला नाव मिळाले एडवर्ड हेन्री यांचे. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचे श्रम मागे राहिले. आपल्याकडे 'निशाणी डावा अंगठा' रूढ झाले आणि त्याबरोबर 'अंगठाबहाद्दर' हा हेटाळणीचा शब्दही. नांगराची निशाणी काढणाऱ्याला असे कोणी हिणवल्याचे दिसत नाही.

या इतिहासाचे पुढचे पान नाशिकरोडला उघडते. तेथील इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये १९२९ साली विमान-टपालाची सहा तिकिटे छापली गेली. याच मुद्रणालयात आज भारतीय पारपत्रे तयार होतात. २००८ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांना देशातील पहिले चिप असलेले पारपत्र देण्यात आले. सामान्य नागरिकांसाठी तशा पारपत्रांचा प्रायोगिक प्रारंभ १ एप्रिल २०२४ रोजी झाला. त्याआधीच, १ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झालेल्या 'डिजियात्रे'ने विमानतळाच्या दारात प्रवाशाचा चेहरा हाच त्याचा परवाना केला होता.

परंतु नाशिक विभागातच आणखी एक ठिकाण आहे. नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले. दहा बोटांचे ठसे आणि बुबुळांची प्रतिमा ही त्या ओळखीची सामग्री. येथे एक विलक्षण उलटापालट झालेली दिसते. शेतीत आणि मजुरीत झिजलेल्या बोटांच्या रेषा यंत्राला नीट वाचता येत नाहीत. एके काळी जो नांगर कुणब्याची साक्ष देत होता, तोच आता त्याची ओळख पुसून टाकतो!

दोन प्रतिमा किती जुळल्या म्हणजे 'हाच तो' म्हणायचे, ही मर्यादा यंत्र स्वतः ठरवीत नाही; माणसे ठरवतात. ती सैल ठेवली तर तोतया आत शिरतो, कडक केली तर खरा माणूस बाहेर राहतो. विमानतळावर अडलेल्या प्रवाशाला कागद दाखवून दुसऱ्या रांगेतून जाता येते. रेशन दुकानाच्या यंत्रासमोर उभ्या असलेल्या म्हातारीपाशी तेवढी सोय असतेच असे नाही. आपल्या नव्या अभियंत्याने कामाला बसण्यापूर्वी 'निशाणी नांगर' असलेला एखादा कागद एकदा तरी पाहावा, तो एवढ्यासाठी.