एकशे बावन्नातला एक

वर्तमानपत्र कुठून वाचायला घ्यावं याचा काही कायदा नाही. अग्रलेखापासून सुरुवात करणारे लोक असतात. त्यांच्याशी मी जरा जपूनच बोलतो. निधनवार्तांपासून सुरुवात करणारेही असतात. आपलं नाव त्यांत नाही अशी खात्री झाली की ते चहा मागवतात. आमचे अण्णा आतल्या पानाच्या अगदी तळाशी, मजकूर कमी पडला म्हणून कुठल्यातरी उपसंपादकानं कोंबलेल्या दोन इंची बातमीपासून सुरुवात करत. अमुक गावच्या बैलानं तमुक मामलेदाराची टोपी खाल्ली, अशा छापाची बातमी. ती कापून ते एका जुन्या खतावणीत चिकटवत. पहिल्या पानाबद्दल त्यांचं म्हणणं असं, की तिथं काय आहे ते पेपर न उघडताही कळतं : भाव वाढले, कुणीतरी फुटलं, कुठंतरी पेटलं. आज मोबाईल हीच तीन वाक्यं दर पाच मिनिटांनी ऐकवतो. पेपर बिचारा एकदाच ऐकवायचा, आणि संध्याकाळी त्यात निदान भजी तरी बांधता यायची.

१९७९ च्या पावसाळ्यात मात्र एक आक्रीत घडलं. तळाची बातमी उठली आणि थेट पहिल्या पानावर जाऊन बसली. आकाशातून स्कायलॅब पडणार होती!

ही स्कायलॅब म्हणजे अमेरिकेची अंतराळातली प्रयोगशाळा. वजन सुमारे ७७ टन. ती वर गेली १४ मे १९७३ ला, आणि ती वर गेल्याचं आमच्याकडे फारसं कुणाच्या लक्षातही आलं नाही. येणार कसं? त्याच महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं खडी फोडत होती आणि माती उपसत होती. वर बघायचं ते ढगासाठी. अमेरिकेची त्या दिवसांत घरोघर पोचलेली वस्तू म्हणजे रेशनवरची मिलो. तिची भाकरी पचवणं हा प्रयोग अंतराळातल्या कुठल्याही प्रयोगापेक्षा सोपा नव्हता.

वर गेल्या गेल्या स्कायलॅबचं छप्परच उडालं. म्हणजे उन्हापासून वाचवणारं बाहेरचं आवरण उड्डाणातच फाटून गेलं आणि आतली हवा भट्टीसारखी तापली. मग नासाच्या त्या थोर शास्त्रज्ञांनी काय करावं? त्यांनी छत्री पाठवली. विनोद नाही हा. अंतराळवीरांनी घडीची छत्री बरोबर नेली, भिंतीतल्या छोट्या झडपेतून बाहेर सारली आणि तिथं उघडली. कोट्यवधी डॉलरांचं यान पुढं त्या छत्रीखाली नांदलं. अण्णांना ही हकिगत इतकी आवडली होती, की आमच्या छत्रीची काडी मोडली की ते म्हणत, "नासाकडं पाठवा, त्यांना अनुभव आहे."

तिघातिघांच्या तीन तुकड्या तिथं राहून आल्या. शेवटची तुकडी ८४ दिवस राहिली. एका तुकडीबरोबर अनिता आणि अ‍ॅराबेला नावाचे दोन कोळीही गेले होते; वजन नसताना जाळं विणता येतं का, हे एका शाळकरी मुलीला बघायचं होतं. आलं विणता. १९७४ च्या फेब्रुवारीत शेवटची माणसं दार लावून खाली आली, आणि पुढची पाच वर्षं एवढी मोठी जागा आकाशात कुलूप लावून पडून राहिली. पुण्यात पागडीशिवाय दोन खोल्या मिळत नव्हत्या त्या काळात!

नासाचा बेत असा होता, की नवं स्पेस शटल तयार झालं की त्यानं जाऊन हिला जरा वर ढकलायचं. पण शटल लांबलं. ते उडालं १९८१ मध्ये. शिवाय सूर्य अपेक्षेपेक्षा अधिक खवळला. त्यानं वरचं विरळ वातावरण तापून फुगलं, स्कायलॅबच्या वाटेत आलं, तिचा वेग खाऊ लागलं, आणि ती खाली उतरू लागली. कुठं पडणार? ५० अंश उत्तर ते ५० अंश दक्षिण यांच्यामध्ये कुठंही. म्हणजे मोजके थंड देश सोडले तर बाकी सगळ्या मानवजातीला निमंत्रण. ती दीड तासात पृथ्वीला एक फेरी घालायची, तेव्हा हिशेबात अर्धा तास चुकला की मुंबईऐवजी मेक्सिको.

नासानं आकडाही काढला. तुकडा कुठल्यातरी एका माणसाला लागण्याची शक्यता १५२ मध्ये एक. हा आकडा आमच्या वाड्यात आला आणि घोटाळा झाला. "दर एकशे बावन्न माणसांमागं एक जाणार," असा त्याचा अर्थ पहिल्या मजल्यावर लागला. वाड्यात बिऱ्हाडं नऊ, माणसं एक्केचाळीस. शेजारचे दोन वाडे आणि मागची चाळ धरली की दीडशे भरत होते. तेव्हा ह्या चार इमारतींत मिळून एक जण, असं ठरलं. उमेदवाराविषयी मतभेद झाला नाही : मालक. ते त्या सालीही भाडं वाढवणार होते, आणि राहायला सगळ्यांत वर, पत्र्याच्या खोलीत होते.

बँकेत असलेल्या भाडेकरूनं मग समजावून सांगितलं, की एकशे बावन्नातला एक हा सबंध जगातला कोणीही. तुम्हालाच लागेल याची शक्यता ६०० अब्जांत एक. हे ऐकून वाडा हिरमुसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच अमेरिकेनं आपली दखल घेतली होती, आणि ती अशी पातळ निघाली.

तिकडं अमेरिकेत लोक छातीवर नेमबाजीची वर्तुळं छापलेले बनियन विकत होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वर्तमानपत्रानं ७२ तासांत पहिला तुकडा आणून देणाऱ्याला दहा हजार डॉलर जाहीर केले. आपल्याकडं पोलिसांना सावध राहायला सांगितलं होतं. सावध राहून पोलीस ७७ टनांचं काय करणार होते, हे अर्थातच विचारायचं नसतं. तेलंगणातल्या काही खेड्यांत तर लोकांनी शेवटचं म्हणून कोंबड्या-बकऱ्या कापून जेवणं उठवली.

एवढं हसू का आलं सगळ्यांना, हे मी पुष्कळदा मनाशी घोळवलं आहे. कारण हसण्यासारखं ते वर्ष नव्हतं. इराणमधल्या क्रांतीमुळं तेल महागलं होतं, रॉकेलच्या रांगेत डबे माणसांच्या आधी जाऊन उभे राहत होते, पाऊस दगा देत होता. मला वाटतं, ह्या सगळ्यातली स्कायलॅब ही एकच आपत्ती अशी होती, की जी ओळखीच्या कुणी आणलेली नव्हती आणि जिच्यापुढं मालक आणि भाडेकरू एकाच रांगेत होते. रॉकेलच्या रांगेत तसं नव्हतं. तिथं वशिला चालत होता.

११ जुलैला दिल्लीत यशवंतराव चव्हाणांनी मोरारजीभाईंच्या सरकारवर अविश्वासाचा ठराव मांडला, आणि त्याच रात्री दहाच्या सुमाराला स्कायलॅब वातावरणात शिरली. अण्णा म्हणाले, "आधी काय पडतंय बघू." आधी स्कायलॅब पडली. मोरारजीभाईंनी चार दिवस घेतले. स्कायलॅब पाडायची होती दक्षिण आफ्रिकेच्या खाली समुद्रात, पण ती हिशेबापेक्षा उशिरा फुटली आणि पुष्कळसे तुकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात एस्परन्स गावाच्या आसपास माळावर विखुरले. माणूस एकही दगावला नाही. एका सतरा वर्षांच्या पोरानं आपल्या घराजवळ पडलेले जळके तुकडे उचलले, विमानानं सॅन फ्रान्सिस्को गाठलं आणि दहा हजार डॉलर खिशात घातले. २० जुलैला पर्थ शहरात विश्वसुंदरीची स्पर्धा होती. तिथंही एक मोठा तुकडा रंगमंचावर मांडून ठेवला. मुकुट चढवल्यावर फोटोवाल्यांची झुंबड उडाली आणि रंगमंचाचा काही भाग कोसळला. त्यात स्कायलॅबचा हात नव्हता.

अण्णांच्या खतावणीत ही कात्रणं ओळीनं आहेत. त्यानंतर एक पान कोरं सोडलेलं आहे. स्कायलॅब पडल्याला बरोबर एक महिना झाला त्या दिवशी, ११ ऑगस्टला, गुजरातेत मच्छू नदीवरचं धरण फुटलं आणि मोरबी गाव पाण्याखाली गेलं. माणसं हजारांच्या हिशेबानं गेली. नक्की किती, ते अजून कुणी सांगू शकलेलं नाही. आकाशातून येणाऱ्या लोखंडाची वर्दी जगाला काही महिने आधी मिळाली होती. चार-पाच मैलांवरच्या धरणाची वर्दी मोरबीला वेळेवर पोचली नाही. त्या आठवड्यात अण्णांनी पेपर पहिल्या पानापासून वाचला, आणि कात्री कपाटातच राहिली.

मग पुन्हा काढली. माणूस किती दिवस पहिल्या पानावर राहणार? आणि स्कायलॅबही काही संपली नव्हती. थायलंडच्या ईशान्य भागात तिचं नाव तीनचाकी रिक्षांना मिळालं. आंध्र-तेलंगणात त्या सुमाराला जन्मलेल्या काही मुलांची नावं चक्क स्कायलॅब ठेवली गेली. ही मंडळी आता पंचेचाळिशी ओलांडून गेली आहेत. आणि एस्परन्सच्या नगरपालिकेनं नासाला रीतसर पावती फाडून दिली : सार्वजनिक जागी कचरा टाकल्याबद्दल दंड, ४०० डॉलर.

नासानं तो भरला नाही. तीस वर्षं थकबाकी राहिली. शेवटी २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका रेडिओ निवेदकानं आपल्या श्रोत्यांकडून वर्गणी गोळा केली आणि नासाच्या वतीनं ती रक्कम एस्परन्सला पोचती केली. अण्णा तोवर राहिले नव्हते, तेव्हा ते कात्रण मीच चिकटवलं. त्या दोन इंचांत त्यांनी पहिल्यांदा काय शोधलं असतं ते मला ठाऊक आहे. मीही शोधलं. नगरपालिकेनं व्याज लावलं नव्हतं.