परीक्षा देणाऱ्याचं म्हणणं: वैद्यकीय परीक्षेचा इतिहास वाचताना

परीक्षेचा इतिहास शोधायला बसलं की कागद भरपूर मिळतात: नियमावल्या, निकाल, पदवीदानाचे अहवाल. पण हे सगळे परीक्षा घेणाऱ्यांचे कागद. परीक्षा देणाऱ्याला काय वाटत होतं, ते त्यात जवळपास नसतंच. मग ते शोधायचं कुठे? संशोधनाच्या तयारीत असलेल्यांसाठी आज हा मुद्दा घेतो, वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या उदाहरणावरून.

मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज 1845 मध्ये सुरू झालं. पहिले पदवीधर 1851 मध्ये बाहेर पडले, फक्त 8 जण. भाऊ दाजी लाड आणि आत्माराम पांडुरंग त्यांच्यातलेच. मुंबई विद्यापीठ 1857 चं, म्हणजे तेव्हा ते नव्हतंच. पदवी कॉलेजच्याच नावाची. किती जण पास झाले हे निकाल सांगतो. परीक्षा त्यांना न्याय्य वाटली का, हे तो सांगत नाही.

इथे एक साधी युक्ती कामी येते: तक्रार शोधा. 1855 पासून सरकारी वैद्यकीय सेवेत, म्हणजे पुढच्या आयएमएसमध्ये, स्पर्धा परीक्षेने भरती होऊ लागली. कागदावर ती भारतीयांनाही खुली होती, पण परीक्षा लंडनला! बोटीचं भाडं आणि तिथे राहण्याचा खर्च ज्याला परवडेल, त्यालाच ती खुली. सनदी सेवेची परीक्षा हिंदुस्थानातही घ्या, ही मागणी काँग्रेसने 1885 च्या मुंबई अधिवेशनातच केली होती. वैद्यकीय सेवेतली अडचणही तीच. तक्रार प्रश्नपत्रिकेबद्दल नव्हती, परीक्षेला बसायला कोण पोहोचू शकतो याबद्दल होती.

दुसरी तक्रार आजही कोणत्याही मेडिकल कॉलेजच्या हॉस्टेलवर ऐकू येते: ‘लाँग केस म्हणजे नशीब.’ एक पेशंट वाट्याला येतो. त्याची हिस्टरी घ्यायची, तपासायचं, मग परीक्षकांच्या प्रश्नांना तोंड द्यायचं. एकाला नीट बोलणारा पेशंट मिळतो, दुसऱ्याला कंटाळून गप्प बसलेला. एकाचे परीक्षक शांत, दुसऱ्याचे तापट. ऐकताना हे रडगाणं वाटतं. पण 1975 मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन आणि सहकाऱ्यांनी नेमक्या याच अडचणीवर उपाय मांडला. बरीच छोटी स्टेशन्स, सगळ्यांना तीच कामं, गुण देण्याची यादी आधीच ठरलेली. हीच ती ‘ऑस्की’. म्हणजे हॉस्टेलवरची कुरकुर आणि संशोधकांचा प्रश्न एकच होता: एका पेशंटवरून माणसाची पात्रता ठरते का? अर्थात ऑस्कीवरही आक्षेप आहेच, की पेशंटचे तुकडे होतात आणि अख्खा माणूस तपासला जात नाही.

तिसरी तक्रार परीक्षेच्या हेतूबद्दल आहे. 2019 च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात ‘नेक्स्ट’ या परीक्षेची तरतूद आली. अंतिम वर्ष, प्रॅक्टिसचा परवाना आणि पदव्युत्तर प्रवेश, तिन्ही एकाच परीक्षेवर. त्या वर्षी देशभर विद्यार्थी आणि डॉक्टर विधेयकाविरुद्ध रस्त्यावर उतरले, आणि नेक्स्ट हा त्यातला एक मुद्दा होता. बारकाईने पाहा. परवाना विचारतो, ‘याला किमान येतं का?’ प्रवेश विचारतो, ‘यांच्यात पुढे कोण?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एकाच मोजपट्टीने दोन्ही मोजणं अवघड. प्रवेशाच्या शर्यतीपायी इंटर्नशिपमध्ये वॉर्डऐवजी लायब्ररीत बसावं लागतं, ही ओरड याच गोंधळातून येते.

आता तुम्ही म्हणाल, विद्यार्थी म्हणतात ते सगळं खरं मानायचं का? नाही. नापास झालेल्याचं आणि सुवर्णपदकवाल्याचं मत सारखं नसणार. फॉर्म वाटणारे सरच गुण देणारे असतील आणि वर रोल नंबर लिहायचा असेल, तर ‘परीक्षा समाधानकारक’ या उत्तराला फारसा अर्थ नाही. म्हणून मत हाती आलं की तीन गोष्टी तपासा: कोणी विचारलं, कधी विचारलं (निकालाआधी की नंतर), आणि खरं बोलल्याची किंमत कोण मोजणार होतं. अर्ज, पत्रं, कॉलेजची मासिकं, मोर्च्यातले फलक, प्रश्नावल्या, सगळ्यांना हीच कसोटी लावा.

आणि हा फक्त विद्यार्थ्यांचा प्रश्न आहे असं समजू नका. माझं गाव खारबाव, भिवंडी तालुक्यातलं, वसई–दिवा रेल्वेमार्गावरचं. अशा गावात पावसाळ्यात रात्री साप चावलेला माणूस येतो, तेव्हा समोरच्या एमबीबीएस डॉक्टरला चार पर्याय कोणी देत नाही. त्याची रँक कोणी विचारत नाही. त्या क्षणी जे यायला हवं, ते त्याच्या परीक्षेने कधी तपासलं होतं का? याचं उत्तर नियमावलीत मिळणार नाही. जो ती परीक्षा देऊन आला, त्यालाच विचारावं लागेल.