आधी संग्रहालय, मग विहार

सांचीला येणाऱ्या प्रवाशाकडे बहुधा अर्धाच दिवस असतो. भोपाळहून निघायचे, टेकडीवरचे स्तूप पाहायचे आणि दिवस मावळायच्या आत परतायचे. उरलेल्या तासाभरात पायथ्याचे पुरातत्त्व संग्रहालय पाहावे की स्तूपांजवळच्या चेतियगिरी विहारात जावे, हा प्रश्न तिथे पडतोच. तो सोडवताना आपण गृहीत धरतो की विहार जुना, परंपरेने चालत आलेला आणि संग्रहालय ही अलीकडची सरकारी सोय. सांचीत क्रम उलटा आहे.

१८५१ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम आणि एफ. सी. मेझी यांनी इथले स्तूप उघडले. तिसऱ्या क्रमांकाच्या स्तूपात सारिपुत्त आणि महामोग्गल्लान या बुद्धाच्या दोन पट्टशिष्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेल्या दगडी पेट्या मिळाल्या. जवळच्या सतधारा इथेही याच दोघांचे अस्थिकरंडक सापडले. तेव्हा इथे पूजा करणारा संघ उरलेला नव्हता; त्यामुळे हे खोदणे योग्य की अयोग्य, हे विचारणारेही कोणी नव्हते. या मोहिमेतले काही करंडक लंडनला गेले आणि आज ज्याला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्हणतात त्या संग्रहालयात पोचले.

इकडे १९१२ ते १९१९ या काळात जॉन मार्शल यांनी ढासळलेले स्तूप आणि तोरणे सावरली आणि टेकडीवर संग्रहालय उभारले. या कामाला भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम यांनी पैसा पुरवला. एका मुस्लिम राज्यकर्तीच्या आश्रयाने बौद्ध अवशेषांना छप्पर मिळाले. संग्रहालय सध्याच्या पायथ्याच्या इमारतीत आले ते १९६६ मध्ये.

दरम्यान विचारणारे लोक उभे राहिले होते. अनागारिक धर्मपाल यांनी १८९१ मध्ये स्थापन केलेल्या महाबोधी सोसायटीने लंडनमधील अस्थी परत मागितल्या. ज्या वस्तूवर संग्रहालयाने क्रमांक घातला होता, ती आपल्या वंदनेची आहे, असे तिचे म्हणणे होते. मध्ये महायुद्ध आले. १९४७ मध्ये अस्थी श्रीलंकेत पोचल्या, जानेवारी १९४९ मध्ये कोलकात्यात नेहरूंनी त्या सोसायटीच्या हवाली केल्या आणि नोव्हेंबर १९५२ मध्ये सांचीच्या नव्या विहारात त्यांची प्रतिष्ठापना झाली. म्हणजे इथला विहार संग्रहालयापेक्षा तीसेक वर्षांनी धाकटा.

सारनाथलाही हेच घडले. तिथले संग्रहालय १९१० चे, तर मूलगंधकुटी विहार १९३१ चा. दोन्ही ठिकाणी पुरातत्त्व आधी आले आणि श्रद्धेला मागून येऊन आपली जागा मागावी लागली. ती सगळीकडे मागितली गेली असे नाही. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी उघडलेल्या सोपाऱ्याच्या स्तूपातले करंडक आजही मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे, विद्वानांच्या घरात आहेत.

मग तासाभरात काय पाहावे? डोळ्यांना अधिक मिळेल ते संग्रहालयात. दारातून आत जाताच अशोकस्तंभाचे चार सिंहांचे शीर्ष समोर येते, आणि ते चुकवणे अवघड आहे. विहारात त्या मानाने दिसण्यासारखे थोडे. अस्थी दर्शनासाठी बाहेर काढतात त्या नोव्हेंबरअखेरच्या यात्रेत; एरवी त्या बंदच असतात. तरीही एकच जागा निवडायची झाली, तर मी विहाराकडे बोट दाखवीन. वस्तू कोणत्या शतकातली, कोणत्या दगडाची, हे संग्रहालयातली पाटी चोख सांगते. त्या वस्तूंना कोणी वारस आहेत आणि त्यांनी शतकभराने येऊन आपला हक्क सांगितला, ही गोष्ट मात्र सांचीत फक्त त्या साध्या, तरुण इमारतीमुळे कळते.