इंडेक्स टूची कुळकथा

डोंबिवली असो की चिंचवड, कोणाचं राहतं घर विकत घ्यायला निघालात की वकील आधी विचारतात, "इंडेक्स टू आहे ना?" घर कोणी कोणाला विकलं, कितीला, कधी, हे त्या एका पानावर असतं. त्याआधीच्या प्रत्येक विक्रीचं असंच पान मागितलं की घराचा पूर्वेतिहास उलगडत जातो.

घराची विक्री आपल्याकडे कधीच दोघांपुरती नव्हती. मराठेशाहीत मिरासीचं, म्हणजे वंशपरंपरागत वतनी मिळकतीचं खरेदीखत व्हायचं ते गोताच्या, म्हणजे जमलेल्या गावकऱ्यांच्या साक्षीनं. पाटील सहीऐवजी नांगर काढी, बलुतेदार आपापल्या धंद्याची निशाणी. उद्या कोणी हक्क सांगत आलंच, तर सारं गाव साक्षीला उभं राही. पण माणसं गाव सोडून शेजारपाजार अनोळखी असलेल्या वस्तीत राहू लागली, तिथं ही साक्ष कोण देणार? ते काम सरकारी वहीकडे आलं. ब्रिटिश हिंदुस्थानात १८६४ साली दस्तनोंदणीचा कायदा झाला, मग बदल होत होत १९०८ चा नोंदणी अधिनियम आला. तो आजही चालू आहे.

त्याच्या कलम ५५ मध्ये चार सूची सांगितल्या आहेत. पहिलीत मिळकतीच्या दस्तांतल्या माणसांची नावं, दुसरीत मिळकतीचा तपशील. उरलेल्या दोन मृत्युपत्रं आणि इतर दस्तांच्या. ही दुसरी सूची म्हणजे आपली इंडेक्स टू. तपशील कोणता, ते कलम २१ सांगतं: शहरातलं घर कोणत्या रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे, तिथं आधी कोण राहत होतं, आता कोण राहतं, शहराबाहेरच्या घरांचं क्षेत्रफळ आणि ती कोणाच्या मिळकतीला लागून आहेत. म्हणजे आपली जुनी चतुःसीमाच. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते कलम ५७. फी भरून ही सूची कोणीही पाहू शकतो, नात्याची वा ओळखीची अट नाही. गोताची उघडी साक्ष इथं पुन्हा भेटते.

एकेकाळी ही सूची म्हणजे हातानं लिहिलेली वही होती. सर्च, म्हणजे जुन्या नोंदींचा शोध घेणारा वर्षामागून वर्ष पानं उलटत बसे. संगणक आल्यावर प्रत्येक दस्ताचं वेगळं छापील पान निघू लागलं. वकील सहसा ३० वर्षांचा सर्च घेतात. १९६३ च्या मुदत कायद्यानं गहाण सोडवायची मुदत ६० वरून ३० वर्षांवर आणली, त्याच्याशी हे जुळतं.

शाळा किती जवळ, पाणी किती वेळ येतं, स्टेशनला चालत जाता येतं का, हे या पानावर कुठंच नसतं. तरी परिसर त्यात आडवाटेनं शिरतोच. 'मोबदला' या रकान्याखाली 'बाजारभाव' असतो आणि तो विभागवार मूल्यदर तक्त्यावरून, म्हणजे रेडी रेकनरवरून काढतात. दोन्हींतली जी रक्कम जास्त, तिच्यावर मुद्रांक शुल्क.

एक मात्र कळकळीनं सांगावंसं वाटतं. इंडेक्स टू हा मालकीचा दाखला नव्हे. विक्रीचा दस्त नोंदला गेला, एवढंच तो सांगतो. विकणाऱ्याला विकायचा हक्क होता की नाही, याचा निवाडा त्यात नसतो. त्यासाठी मूळ खरेदीखत आणि त्यामागची सगळी खतं वाचावी लागतात. मधलं एखादं खत सापडत नसेल, तर ते मिळेपर्यंत बयाणा देऊ नये.