कॉलेजसाठी सायकल घेताना : जळगाव-धुळ्याच्या पालकांसाठी

दहावीचा निकाल लागून अकरावीला प्रवेश झाला की घरात पुढचा प्रश्न निघतो तो जाण्या-येण्याचा. मुलगा म्हणतो गाडी द्या. पण गाडी चालवायला वयाची अठरा वर्षे पूर्ण लागतात, फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीला सोळाव्या वर्षी परवाना मिळतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी सापडली तर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मग उरते सायकल. आमच्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलांचे अब्बा-अम्मी दर जूनमध्ये आम्हाला हेच विचारतात, म्हणून जे माहीत आहे ते एकदा नीट लिहून ठेवतो.

आधी अंतर मोजा. मेहरूणमधल्या एच. जे. थीम महाविद्यालयात शहरातूनच जायचे असेल, किंवा धुळ्यात पांझरा ओलांडून देवपूरच्या कॉलेजात, तर साधी बिनगिअरची सायकल पुरते. खान्देशातली ही दोन्ही शहरे बऱ्यापैकी सपाट आहेत. विद्यापीठ मात्र जळगावबाहेर बांभोरीच्या बाजूला, सात-आठ किलोमीटरवर आहे आणि वाट महामार्गाची, ट्रकांची. तिथे रोज सायकलने पाठवण्यापेक्षा बसचा पास काढलेला बरा, असे आमचे मत आहे.

दुकानात मुलांची नजर जाते ती जाड टायरच्या, पुढे-मागे स्प्रिंग असलेल्या, २१ गिअरच्या सायकलीवर. दिसायला झकास असते, नाही म्हणत नाही. पण स्वस्तातली स्प्रिंग वजन वाढवते आणि दरेक पेडलला थोडा जोर खाऊन टाकते. गिअरची तार ढिली झाली की चेन उतरते, आणि ती नीट बसवणारा कारागीर दर गल्लीत मिळत नाही. त्याच पैशात साध्या सायकलीची चौकट, चाके आणि ब्रेक चांगल्या दर्जाचे मिळतात. मडगार्ड, कॅरिअर, स्टँड आणि चेन कव्हर आधीपासून बसवलेले असावेत, नाहीतर हे सगळे वेगळे विकत घेताना हजार रुपये कधी गेले कळत नाही.

आपल्याकडची खरी परीक्षा तीन गोष्टींची असते : काटे, काळी माती आणि ऊन. बाभळीचा काटा आणि सराटा पातळ टायरमधून आरपार जातो, म्हणून अगदी बारीक टायरची सायकल नको. दर आठवड्याला टायरवर बोट फिरवून अडकलेले काटे उपटून टाकायचे, कारण पंक्चर बहुतेक वेळा त्याच दिवशी होत नाही, काटा हळूहळू आत जातो. पावसाळ्यात शेतरस्त्याने येणाऱ्या मुलांची वेगळीच तऱ्हा. काळी माती मडगार्ड आणि टायरच्या मध्ये गच्च बसते आणि चाक फिरेनासे होते. खेड्यातून येणाऱ्याने सायकल घेताना या दोहोंमध्ये दोन बोटे जागा आहे का ते बघावे. ओल्या स्टीलच्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, ॲल्युमिनियमच्या रिमवर त्यामानाने लवकर. थोडे पैसे जास्त गेले तरी हा फरक घेण्यासारखा आहे. आणि मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो तेव्हा सायकल सावलीत लावायला सांगा. उन्हात रबर कडक पडते, तडे जातात, जुन्या पंक्चरची ठिगळे सुटतात. टायरच्या कडेला हवेचा दाब छापलेला असतो, उन्हाळ्यात त्याच्या वरच्या टोकापर्यंत हवा भरू नये.

मुलींसाठी मधला दांडा खाली असलेली चौकट घ्यावी. बुरखा असो, ओढणी असो, कापड मागच्या चाकात किंवा चेनमध्ये गेले की तोंडावर पडायची वेळ येते. म्हणून पूर्ण झाकणारे चेन कव्हर आणि मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी, या दोन गोष्टींशिवाय मुलीची सायकल घेऊच नये. उंचीचे माप सोपे आहे. सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत, आणि पेडल खाली असताना गुडघ्यात जरासा बाक राहिला पाहिजे. ‘अजून वाढेल’ म्हणून मोठी सायकल घेणे नको.

पैशांचे म्हणाल तर साधी नवी सायकल पाच ते सात हजारांच्या आसपास पडते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे, तेव्हा पक्के बिल मागा आणि त्यावर कर किती लावला ते वाचा. मानव विकास कार्यक्रमातल्या तालुक्यांत, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळते. २०२२ मध्ये ते साडेतीन हजारांवरून पाच हजार झाले. अर्ज शाळेमार्फतच जातो, म्हणून मुख्याध्यापकांना भेटा. बाकीच्यांनी भिशी लागेपर्यंत थांबलेले चालेल, पण व्याजाच्या हप्त्याने सायकल घेण्यात अर्थ नाही.

जुनी घेत असाल तर रंगाला भुलू नका. सायकल उचलून चाक फिरवा, ते डावी-उजवीकडे लचकले तर आउट काढावा लागेल. चाक धरून आडवे हलवा, खटखट वाजले तर छर्रे गेले आहेत. हँडलजवळच्या जोडावर वेल्डिंग केलेले दिसले तर सरळ परत फिरा. चौकटीवरचा नंबर बिलावरच्या नंबराशी जुळवा. बिल नसेल तर विकणाऱ्याकडून नंबरासह लिहून घ्या, कारण चोरीची सायकल सापडली तर ठाण्याच्या चकरा तुमच्या मुलाला माराव्या लागतील.

आता आपल्याकडची काही मुले शिकायला जर्मनी-कॅनडालाही जाऊ लागली आहेत. तिथे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात आणि त्याने चेन लवकर गंजते. फिनलंडच्या औलू शहरात शाळकरी मुले बर्फातही सायकलने जातात. तिथे जाणाऱ्याने जुनीच सायकल घ्यावी, पूर्ण मडगार्ड आणि झाकलेली चेन बघून. जर्मनीत पुढे-मागे दिवा कायद्याने लागतो. इकडेही संध्याकाळच्या क्लासहून परतणाऱ्या मुलाच्या सायकलीला मागे लाल दिवा बसवा, शंभर-दीडशे रुपयांत मिळतो.