उतारावरील जिवंत बांध
(तळटीप)

ग्रंथकाराने येथे ओझरती उल्लेखिलेली पद्धती फिलिपाइन्समधील मिंदानाओ बेटावर, बान्सालान येथे, १९७०च्या दशकात हॅरल्ड वॉटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केली. १९८५ साली वॉटसन यांस मॅगसेसे पारितोषिक मिळाले. तीन काठ्या ‘ए’ या रोमन अक्षराच्या आकारात बांधून शिखरापासून दगडाचा ओळंबा सोडला, की तो आडव्या काठीच्या मध्यखुणेवर स्थिरावताच दोन्ही पाय समपातळीवर असल्याची खात्री पटते; मोजणी खात्याच्या कोणत्याही उपकरणावाचून अशा रीतीने आखलेल्या रेषेवर, अर्ध्या मीटरच्या अंतराने, शेंगावर्गीय झुडपांच्या दोन दाट ओळी लावावयाच्या, आणि अशा दोन जोडओळींमधील चार-पाच मीटरांची पट्टी पिकास राखावयाची. छाटलेला पाला पट्टीत पसरल्याने जमिनीस नत्र मिळते, आणि वाहून येणारी माती बुंध्यांशी अडून कालांतराने पायऱ्या आपोआप घडतात. दगडी ताल रचण्याची ज्यांची ऐपत नाही, अशा डोंगरी शेतकऱ्यांस हा लाभ फार मोलाचा होय. आरंभी भिस्त होती ती इपिल-इपिलवर, म्हणजे मणिभाई देसाईंच्या संस्थेने महाराष्ट्रात प्रसारिलेल्या सुबाभळीवर. परंतु १९८०च्या दशकाच्या मध्यास रसशोषक किडीने तिचा फडशा पाडला, तेव्हापासून गिरिपुष्पादी अनेक जातींचे मिश्रण करण्याचा शिरस्ता पडला. तथापि ज्या कुळास पुढील सालच्या वहिवाटीची शाश्वती नाही, त्याच्याकडून या दीर्घकालीन मेहनतीची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, ही गोष्ट ग्रंथकाराने विचारात घ्यावयास हवी होती. — संपादक